लिहून ठेवलेली आज्ञा

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर येथून निघालेली आगगाडी ठाण्यास येऊन पोहोंचली आणि या भागांतील लोकांना एका नव्या शिस्तीची ओळख झाली. आगगाडीचा कारभार कोणा एका हुशार माणसाच्या स्मरणावर चालत नसे. वेळापत्रक आणि लेखी नियम यांवर तो चाले. परंतु नियम लिहिला म्हणजे घोटाळा संपला, असें मात्र नाहीं. १८७० पासून रेल्वेनें मद्रासची वेळ स्वीकारली. मुंबई शहर मात्र पुढेंही बहुतांशीं स्वतःच्याच वेळेवर चालत राहिलें. दोहोंत सुमारें अर्ध्या तासाचें अंतर होतें. छापलेला आंकडा कोणत्या घड्याळाचा, हें ज्या उतारूस ठाऊक नसे त्याची गाडी चुके. वेळापत्रक बरोबर होतें. त्यांत गृहीत धरलेली गोष्ट तेवढी वाचणाऱ्यास माहीत नव्हती.

भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरील बाळकुम हें पूर्वीं एक खेडें होतें. आज तें ठाणे महानगरपालिकेच्या हद्दींत उंच इमारतींनीं भरून गेलें आहे. ठाण्याहून बेलापुरास जाणाऱ्या रस्त्यावर ऐरोली, महापे या भागांत संगणकांचीं विस्तीर्ण कोठारें, म्हणजे डेटा सेंटरें, उभीं राहिलीं आहेत. अशा ठिकाणच्या यंत्रांवर बहुधा लिनक्स ही कार्यप्रणाली चालते, आणि तिचा नित्य कारभारही आगगाडीप्रमाणेंच लिहून ठेवलेल्या आज्ञांवर चालतो. या आज्ञापत्रांस स्क्रिप्ट असें म्हणतात.

त्यांचा इतिहास अर्ध्या शतकाहून अधिक जुना आहे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीचा पाया घातला. मनुष्यानें टंकलेली आज्ञा वाचून ती यंत्राकडून करवून घेणारा जो दुभाषी, त्याचें नांव शेल. १९७३ सालीं डग्लस मॅकिलरॉय यांच्या कल्पनेवरून एका आज्ञेचें फलित सरळ दुसरीच्या हातीं देणारा 'पाइप' त्यांत आला. १९७९ सालीं स्टीफन बोर्न यांचा शेल प्रसिद्ध झाला, आणि १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांनीं त्याच वळणाचा बॅश हा शेल जीएनयू प्रकल्पासाठीं लिहिला. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा जगापुढें ठेवला, तेव्हां त्यावर चालण्यास बॅश तयारच होता.

रोज द्यावयाच्या आज्ञा एका फाइलींत ओळीनें लिहिल्या कीं स्क्रिप्ट झाली, आणि ठरल्या वेळीं ती चालविण्याचें काम क्रॉन नांवाचा सेवक करतो. जुन्या नोंदी काढून टाकणें, डिस्क भरत आली काय हें पाहणें, रात्रीं माहितीची प्रत काढून ठेवणें, अशीं हीं कामें. कामें साधीं खरीं. परंतु शेल हा अत्यंत आज्ञाधारक असून त्यास तारतम्य मुळींच नाहीं. एखाद्या नांवास किंमत दिलेली नसेल तर तो तेथें कांहींच नाहीं असें समजून पुढें जातो. 'अमुक फोल्डरमधील सर्व पुसून टाक' या आज्ञेंतील 'अमुक' रिकामें राहिलें, म्हणजे सर्व डिस्क पुसण्याची आज्ञा होते! २०१५ च्या जानेवारींत स्टीम या खेळांच्या प्रणालीच्या लिनक्सवरील स्क्रिप्टींत नेमका हाच दोष उघडकीस आला. यास्तव जाणते लोक स्क्रिप्टीच्या आरंभींच शेलला बजावून ठेवतात कीं, किंमत नसलेलें नांव भेटल्यास तेथेंच थांबावें.

दुसरा धोका खोट्या यशाचा. काम साधल्यास आज्ञा शून्य हा आंकडा परत करते आणि फसल्यास दुसरा कोणता तरी. पाइपनें जोडलेल्या आज्ञांत मात्र शेवटच्या आज्ञेचा आंकडाच तेवढा ग्राह्य धरला जातो. माहिती काढणारी पहिली आज्ञा फसली आणि ती दाबून लहान करणारी दुसरी यशस्वी झाली, तर हातीं रिकामी प्रत येते आणि वर यशाचा शिक्काही मिळतो. साखळींतील कोणतीही कडी तुटली तरी अपयश कळवावें, अशी सूचना बॅशला देतां येते. ती देणें हिताचें.

अशा मुक्या अपयशाचें मोल ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या संस्थेस कळून आलें. रात्रीं काम करणाऱ्या एका अभियंत्यानें दुय्यम यंत्र समजून मुख्य यंत्रावरील माहिती पुसली. प्रती पाहूं गेलें तों आढळलें कीं, प्रत काढणारें साधन जुन्या आवृत्तीचें असल्यानें रोजचें काम फसत होतें, आणि तसें कळविणारीं पत्रें टपालयंत्रणाच नाकारीत होती. सहा तासांपूर्वीं सहज हातानें घेतलेल्या एका प्रतीमुळें बरेंचसें वांचलें. मधल्या सहा तासांचें गेलें तें गेलेंच. प्रत निघाली एवढ्यावर विसंबूं नये, ती उलगडून पाहावी, हा त्यांतील बोध.

तिसरा घोटाळा मुंबईकरांच्या पूर्वजांस परिचित असलेला, म्हणजे घड्याळाचा. पुष्कळ यंत्रें जागतिक प्रमाण वेळेवर लाविलेलीं असतात. अशा यंत्रावर रात्रीं दोनला नेमलेलें काम येथें सकाळीं साडेसातास सुरू होतें. म्हणून कोणती वेळ अभिप्रेत आहे हें स्क्रिप्टींतच नमूद करावें.

नमूद करण्यास जागाही आहे. शेलच्या भाषेंत विशिष्ट चिन्हानंतरचा मजकूर यंत्र वाचीत नाहीं; तो केवळ माणसासाठीं असतो. १९९२ सालीं थॉम्पसन यांनीं रॉब पाइक यांच्यासह यूटीएफ-८ ही लेखनपद्धति योजिली, आणि तींत देवनागरीही लिहितां येते. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानें लिनक्स व बॅश यांचे पाठ मराठींतही उपलब्ध केले आहेत. तेव्हां ही आज्ञा कां दिली, कोणत्या वेळेस धरून दिली आणि फसल्यास काय करावें, हें चार ओळींत मराठींत लिहिण्यास कोणतीच अडचण उरलेली नाहीं. लिहिणारा मनुष्य उद्यां दुसऱ्या कामावर जाईल. स्क्रिप्ट मात्र रोज रात्रीं चालत राहील, आणि ती बिघडेल त्या रात्रीं दुसराच कोणी ती उघडून वाचीत बसलेला असेल.