गोड्या पाण्यातील पाकट (मत्स्यालयातील संगोपन)

गोड्या पाण्यातील पाकट हे दक्षिण अमेरिकेतील नद्यांत राहणाऱ्या पोटॅमोट्रायगॉनिडी कुलातील कूर्चामीन होत. कोकण किनाऱ्यावर ज्या सागरी माशांना पाकट म्हणतात, त्यांचे हे दूरचे नातेवाईक आहेत. ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना इत्यादी नद्यांच्या खोऱ्यांत त्यांचा आढळ आहे. मत्स्यालयांत प्रामुख्याने पिवळ्या-नारिंगी वलयांची पोटॅमोट्रायगॉन मोटोरो आणि ब्राझीलमधील शिंगू नदीच्या खोऱ्यातील, काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली पोटॅमोट्रायगॉन लिओपोल्डी या जाती पाळल्या जातात. नव्याने आणलेला मासा अन्न घेऊ लागणे हा त्याच्या संगोपनातील सर्वांत नाजूक टप्पा असून, पुष्कळ पिल्ले याच काळात उपासमारीने किंवा अमोनियाच्या विषबाधेने दगावतात.

शरीरक्रिया

सागरी पाकट व शार्क रक्तात युरिया साठवून समुद्राच्या खारटपणाशी समतोल राखतात. नदीवासी पाकटांनी ही क्षमता गमावली आहे. त्यांच्या शरीरद्रवात युरियाचे प्रमाण अत्यल्प असते, हे थॉमस थॉर्सन व सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिले. ते नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतात. मांसाहारी आणि भरपूर खाणारा असल्यामुळे एकच मासा टाकीतील पाणी झपाट्याने दूषित करतो, आणि त्याच दूषित पाण्याला तो इतर बहुतेक पाळीव माशांपेक्षा अधिक संवेदनशील असतो. खायला घातले तर अमोनिया वाढतो, न घातले तर मासा खंगतो. पहिल्या आठवड्यांतील बहुतेक अडचणींचे मूळ या पेचात असते.

आणण्यापूर्वीची तयारी

टाकीतील गाळणयंत्रात नायट्रीकरण करणारे जिवाणू आधीच वाढलेले असावे लागतात. नव्या, कोऱ्या टाकीत पाकट सोडणे हे त्याच्या मृत्यूचे नेहमीचे कारण आहे. अमोनिया व नायट्राइट शून्य, तापमान सुमारे २५ ते २८° सेल्सियस आणि सामू ६ ते ७.५ च्या दरम्यान असणे योग्य मानले जाते. टाकीच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे असते, कारण मोटोरो जातीच्या शरीराची तबकडी ४५ सेंमी. पेक्षाही रुंद होऊ शकते. तळाशी बारीक, गुळगुळीत वाळू घालतात. टोकदार खडीने पोटाची मऊ त्वचा सोलवटते. पाणी तापवणाऱ्या कांडीवर मासा बिनदिक्कत पहुडतो आणि भाजतो, म्हणून तिला जाळीचे आवरण लागते.

विक्रेत्याकडे मासा प्रत्यक्ष खाताना पाहून घेणे ही खरेदीतील सर्वांत उपयुक्त खबरदारी होय. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना कटिबंधाचे उंचवटे दिसत असतील, तर मासा बराच काळ उपाशी आहे असे समजावे. तबकडीच्या कडा वर वळलेल्या असणे हे आणखी गंभीर लक्षण असून त्यातून मासे क्वचितच वाचतात.

पाण्यात सोडणे

पिशवीतील पाण्यात टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळत मासा सरावू द्यावा, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. जवळच्या दुकानातून आणलेल्या माशासाठी तो योग्य आहे. लांबच्या प्रवासातून आलेल्या पिशवीबाबत मात्र तो सरसकट पाळणे घातक ठरू शकते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून सामू उतरतो आणि साचलेला अमोनिया कमी विषारी, आयनी स्वरूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी केवळ तापमान जुळवून, टाकीचे पाणी शक्यतो पिशवीतील पाण्याशी मिळतेजुळते ठेवून, मासा लवकर हलवणे श्रेयस्कर असते. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. शेपटीवरील काटा जाळ्यात अडकतो, म्हणून मासा जाळ्याऐवजी टबाने उचलतात.

पहिला दिवस दिवे मंद ठेवून माशाला एकटे सोडावे. वाळूत अंग पुरून केवळ डोळे आणि त्यांमागील श्वासरंध्रे बाहेर ठेवणे हे स्वाभाविक वर्तन असून ते आजाराचे चिन्ह नव्हे.

पहिला आहार

पाकटाचे डोळे पाठीवर, तर तोंड पोटाकडे असते. त्यामुळे तोंडापाशी आलेला घास त्याला दिसत नाही. तो वासाने व विद्युत्संवेदनेने भक्ष्य शोधतो, अंगाखाली दाबतो आणि चोखून घेतो. म्हणूनच तरंगणारे खाद्य निरुपयोगी ठरते आणि तळाशी वळवळणारे जिवंत अन्न सर्वांत प्रभावी ठरते. पिल्लांना जिवंत काळ्या अळ्या, बारीक चिरलेली गांडुळे किंवा छोटी कोळंबी संध्याकाळी, दिवे मालवताना देतात. गांडुळे रासायनिक खत व कीटकनाशक नसलेल्या मातीतील असावीत. बाजारात सहज मिळणारे ट्युबिफेक्स कृमी बहुधा सांडपाण्यातून गोळा केलेले असतात, त्यामुळे ते टाळणे बरे.

पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे अन्न देऊन उरलेले तासाभरात काढून टाकावे लागते. मासा नियमित खाऊ लागला की जिवंत अळ्यांत सोललेल्या कोळंबीचे किंवा माशाचे तुकडे मिसळतात व हळूहळू बुडणाऱ्या गोळ्यांवर आणतात. गोल्डफिशसारखे खाद्यमासे सोपे वाटले तरी त्यांतील थायामिनेज विकरामुळे ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होते, शिवाय रोगही येतात.

मासा खात नसल्यास

प्रथम पाणी तपासावे, खाद्य नंतर बदलावे. पाणी निर्दोष असेल तर टाकीतील इतर रहिवाशांकडे लक्ष द्यावे. चपळ सिक्लिड मासे अन्न आधीच फस्त करतात. काचेला चिकटणारे सकर मासे पाकटाच्या पाठीवरील श्लेष्मा खरवडतात. विणीच्या काळात नर मादीच्या तबकडीला चावे घेतो, त्यामुळे प्रौढ नराच्या टाकीत नव्याने सोडलेली मादीही बुजून राहते. नदीतून पकडलेल्या माशांत कृमी व उवांसारखे बाह्य परजीवी आढळतात. त्यांवरील उपचार पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच करावेत, कारण माशांच्या नेहमीच्या औषधांतील तांब्याची संयुगे पाकटांना मारक ठरतात. बळजबरीने खाऊ घालण्याने होणारा ताण बहुधा उपासापेक्षा अधिक हानिकारक असतो.

विषारी काटा

शेपटीवरील दातेरी काटा विषग्रंथीयुक्त ऊतीने वेढलेला असतो. तो वेळोवेळी गळून नवा येतो, म्हणून तो कापून मासा निर्धोक होत नाही. दंश अतिशय वेदनादायक असून जखम सुमारे ४५° सेल्सियसपर्यंतच्या, सोसवेल अशा गरम पाण्यात बुडवून ठेवणे हा प्रथमोपचार आहे. त्यानंतर वैद्यकीय उपचार आवश्यक असतात.

कायदेशीर स्थिती

पोटॅमोट्रायगॉन लिओपोल्डीसह सात जातींचा २०२२ साली पनामा येथील परिषदेत साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने साइट्स परिशिष्टांतील प्राण्यांसाठी चौथी अनुसूची जोडली असून त्यांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक आहे.