तोगाराशी

तळेगाव दाभाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात उदोनचा रस्सा रटरटतोय. गव्हाच्या जाड, गुबगुबीत जपानी शेवया, वरून चिमूटभर 'शिचिमी तोगाराशी' मसाला. शिचिमी म्हणजे सात चवी. तोगाराशी म्हणजे मिरची. शब्दशः मात्र 'तांग देशाची मोहरी'. 'तो' म्हणजे चीन, पुढे कुठलाही परदेश. 'काराशी' म्हणजे मोहरी. पोर्तुगीज जहाजांच्या काळात, 16व्या शतकात आलेल्या या पाहुण्या मिरचीला जपान्यांनी मोहरीचं नाव दिलं, आपण मिऱ्यांचं: मिरी आणि मिरची दोन्ही संस्कृत 'मरिच'च्या घराण्यातल्या. क्युशू बेटावर तर मिरचीला 'कोशो', म्हणजे मिरीच म्हणतात! त्या सात चवींतला सान्शो आपल्या कोकणातल्या तिरफळाचा भाऊबंद. जिभेवर तीच झिणझिणी उठते आणि मला थेट बांगड्याचं कालवण आठवतं.