साठी, बुद्धी आणि एक छोटी गोळी



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण फार सहज वापरतो. आजोबा नातवाचं नाव विसरले की घरचे म्हणतात, वय झालं! पण कधीकधी दोष वयाचा नसतो, औषधाचा असतो. या गोष्टीची सुरुवात होते आपल्या धोतऱ्यापासून.

हो, तोच धोतरा. आमच्या गोंदिया जिल्ह्यात नागऱ्याला, प्रतापगडच्या यात्रेत महाशिवरात्रीला महादेवाला वाहतात तो. संस्कृतात त्याचं एक नाव आहे ‘उन्मत्त’. म्हणजे हे झाड डोकं फिरवतं, हे पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं. वाटमाऱ्यांनाही होतं! वाटसरूंना अन्नातून धोतरा देऊन लुटत. डॉ. नॉर्मन चेव्हर्स यांच्या १८५६ सालच्या न्यायवैद्यकावरच्या ग्रंथात या विषबाधेची दखल आहे. तोंडाला कोरड, मोठ्या झालेल्या बाहुल्या, बरळणं, नंतर काहीच न आठवणं आणि लघवी तुंबणं, ही तिची लक्षणं. यातलं शेवटचं लक्षण लक्षात ठेवा.

१९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवलं, की मज्जातंतू आपला निरोप रसायनाच्या हाती धाडतात. ते रसायन म्हणजे असेटिलकोलीन. १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळालं. मूत्राशय आवळतं ते याच रसायनाच्या निरोपाने, आणि धोतरा अडवतो तोही हाच निरोप. मग लघवीची घाई कमी करायला तो जरासा अडवला तर? त्यातूनच अशा गोळ्या आल्या. अमेरिकेत ऑक्सिब्युटिनिनला १९७५ साली मान्यता मिळाली, टोल्टेरोडिनला १९९८ साली. रात्री चार-चारदा उठणाऱ्यांना, लघवीच्या धास्तीने प्रवास सोडलेल्यांना मोठाच दिलासा.

गोम पुढेच आहे. आठवण ठेवायला मेंदूलाही हेच रसायन लागतं. १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशावरचं औषध तेच वाढवतं. म्हणजे एका गोळीने विहीर भरायची आणि दुसरीने उपसायची!

डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली वृद्धांसाठी जपून वापरायच्या औषधांची यादी केली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांत या जातीच्या औषधांबद्दल स्पष्ट इशारा आहे. २०१५ साली सिएटलमधल्या पासष्टीपुढच्या ३४३४ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशी औषधं जास्त प्रमाणात, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश अधिक आढळला. यात लघवीच्या गोळ्यांबरोबर सर्दी-खाजेच्या आणि नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्याही होत्या. गोळीनेच तो झाला, असं यावरून सिद्ध होत नाही. पण गोळी सुरू झाल्यावर आलेला गोंधळ ती बदलल्यावर कमी होऊ शकतो, आणि म्हाताऱ्या माणसाला हे केवढं मोठं आहे!

२०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने काम करतं. त्यात मात्र रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं.

तेव्हा मंडळी, आपल्या मनाने गोळी बंद करू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या, सर्दीची आणि झोपेचीसुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, “यातल्या कुठल्या डोक्यावर परिणाम करतात?” म्हातारा चळला असं म्हणण्याआधी एवढं तरी करायलाच हवं.

असो. तुमच्याकडच्या आजी-आजोबांना माझा नमस्कार सांगा.