नाव ‘अतिहलकी’, वजन दोन टन

मर्सिडीज-बेन्झच्या दोन आसनी मोटारींच्या नावात १९५२ पासून ‘एसएल’ ही दोन अक्षरे आहेत. त्यांतला ‘एल’ म्हणजे जर्मन भाषेतील ‘लाइश्ट’, अर्थात हलका, याविषयी वाद नव्हता. ‘एस’विषयी मात्र होता. तो ‘स्पोर्ट’चा की ‘सुपर’चा, यावर मोटारशौकिनांत अनेक दशके दोन तट होते. अखेर २०१७ मध्ये कंपनीने आपल्या संग्रहातील एका जुन्या कागदाच्या आधारे ‘सुपर-लाइश्ट’ असा निर्वाळा दिला. म्हणजे ‘अतिहलकी’. मात्र हा निर्वाळा मिळाला तेव्हा बाजारात असलेल्या एसएलचे वजन पावणेदोन टनांच्या घरात गेले होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असेच कोणीही म्हणेल.

मराठीच्या अध्यापकांनी मोटारीविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आम्ही ही गाडी चालवलेली नाही आणि चालवण्याचा संभवही नाही. परंतु एकच नाव धारण करून सत्तर वर्षे चाललेल्या परंपरेचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावे, हा प्रश्न आमच्या वर्गातलाच आहे. मूळ कृती हीच कसोटी मानावी, की प्रत्येक कृती तिच्या काळापुढील प्रश्नांच्या संदर्भात वाचावी? एसएलचा इतिहास या प्रश्नाला एक विचार करण्याजोगे उत्तर देतो.

आरंभीचे हलकेपण ही कलात्मक निवड नव्हती, ती गरज होती. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या कंपनीला शर्यतीत उतरायचे होते. मात्र शर्यतीसाठी नवे इंजिन घडवण्याची ऐपत नव्हती. हाताशी होते ते ‘३००’ या प्रवासी गाडीचे तीन लिटरचे सहा सिलिंडरचे जड इंजिन. इंजिन जड, तेव्हा उरलेली गाडी हलकी करणे भाग होते. रुडॉल्फ उलेनहाउट यांनी बारीक नळ्यांच्या त्रिकोणी जोडणीतून जाळीसारखा सांगाडा रचला. त्याला ताकद यावी म्हणून बाजू उंच ठेवाव्या लागल्या आणि नेहमीच्या दारांना जागाच उरली नाही. मग दारे छतातून वर उघडणारी झाली. पुढे जगभर ज्यांची छायाचित्रे भिंतींवर लागली ते ‘गलविंग’, म्हणजे सागरपक्ष्याच्या पंखांसारखे दरवाजे, असे अडचणीतून जन्मले. १९५२ मध्ये या गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत आणि मेक्सिकोतील कारेरा पानामेरिकाना, दोन्ही जिंकल्या.

शर्यतीची गाडी विक्रीची झाली ती न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहाने. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एकाच वेळी दोन गाड्या मांडल्या गेल्या. ३०० एसएलमध्ये सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणारी यंत्रणा आणि २१५ अश्वशक्ती होती. १९० एसएलमध्ये चार सिलिंडर आणि १०५ अश्वशक्ती. जर्मनीत पहिलीची किंमत २९,००० मार्क, दुसरीची १६,५००. पहिली जाळीदार सांगाड्यावर उभी, तर दुसरी एका साध्या प्रवासी गाडीच्या आखूड केलेल्या तळावर. पण दोघींचा चेहरा एका घराण्याचा. १९५७ पर्यंत गलविंग १,४०० निघाल्या. १९० एसएल १९६३ पर्यंत २५,८८१ निघाल्या. ‘मॉडेलांची श्रेणी’ म्हणतात तिचे व्याकरण इथेच सिद्ध झाले. थोड्यांसाठी अस्सल वस्तू आणि पुष्कळांसाठी तिची आठवण करून देणारी वस्तू. १९० एसएलला नक्कल म्हणून हिणवण्याची रीत आहे. आम्हांला ती अन्यायाची वाटते, कारण रोज वापरता येईल अशी गाडी दोघींपैकी तीच होती. गलविंगमध्ये शिरताना चालकाला सुकाणूचे चक्र वाकवावे लागे, तिच्या खिडक्यांच्या काचा खाली होत नसत आणि मागच्या चाकांची झुलती रचना वळणावर बेसावध चालकाला दगा देऊ शकत असे.

यानंतर ११ जून १९५५ आला. ल मान्सच्या शर्यतीत पिएर लवेग चालवत असलेली ३०० एसएलआर दुसऱ्या गाडीवर आदळून उसळली आणि तिचे भाग प्रेक्षकांत घुसले. लवेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. एसएलआर ही यांत्रिकदृष्ट्या ३०० एसएलची बहीण नव्हे. तिचे मूळ कंपनीच्या फॉर्म्युला शर्यतीच्या गाडीत होते. नाव मात्र तेच होते आणि हलकेपणाचा ध्यासही तोच. तिची काया मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. हा धातू हलका खरा, पण एकदा पेटला की विझवणे महाकठीण. कंपनीने त्या रात्री उरलेल्या गाड्या शर्यतीतून काढून घेतल्या आणि वर्षअखेरीस शर्यतीच बंद केल्या. एसएलच्या गौरवगाथांत हा दिवस बहुधा एका ओळीत उरकला जातो. आमच्या मते मूल्यमापनाची सुरुवातच इथून व्हायला हवी. हलकेपण हा निव्वळ सौंदर्याचा गुण नाही, त्याची किंमत कोणीतरी मोजत असते आणि मोजणारा प्रत्येक वेळी चालकच असतो असे नाही, हे त्या दिवशी उघड झाले.

त्याच कंपनीत बेला बारेनी नावाचे अभियंते वेगळ्या दिशेने विचार करत होते. तोवरची समजूत अशी की गाडी जितकी कणखर तितकी सुरक्षित. बारेनींनी उलटे मांडले. माणसे बसतात तो मधला कप्पा कणखर असावा आणि पुढचा-मागचा भाग आघातात चुरगळून जावा, म्हणजे धक्क्याचा जोर तिथेच खर्ची पडेल. १९५९ मध्ये ही कल्पना कंपनीच्या मोठ्या प्रवासी गाडीत आली आणि १९६३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या २३० एसएलमध्ये. मध्ये किंचित खोलगट असलेल्या तिच्या छतामुळे ती ‘पॅगोडा’ म्हणून ओळखली जाते. १९० आणि ३०० या दोघींची जागा तिने एकटीने घेतली. साहजिकच ती शक्तीच्या चाहत्यांना सपक वाटली. तिची अश्वशक्ती अवघी १५०. परंतु त्याच वर्षी स्पा ते सोफिया आणि परत लिएज ही खडतर रॅली ऑयगेन ब्योरिंगर यांनी तिच्यातूनच जिंकली.

आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो तिच्या वजनाचा आकडा. सुमारे १३०० किलो, म्हणजे जवळजवळ गलविंगइतकाच. माणसाच्या जिवाची सोय करूनही गाडी जड झाली नाही. एसएलच्या साऱ्या परंपरेत ‘अतिहलकी’ या नावाशी सर्वाधिक प्रामाणिक असलेली गाडी आमच्या मते हीच.

पुढचा इतिहास वजन वाढण्याचा आहे. पण सारे वजन एका मापाने तोलू नये. १९७१ ते १९८९ अशी अठरा वर्षे आणि २,३७,२८७ गाड्या इतका दीर्घ संसार करणारी पुढची पिढी दीड टनावर गेली. या वाढीत अमेरिकेतील सुरक्षा-नियमांच्या धास्तीने कणखर केलेली समोरच्या काचेची चौकट होती, तसेच पहिल्यांदाच आलेले आठ सिलिंडरचे इंजिनही होते. १९८९ च्या पिढीत गाडी उलटण्याचा धोका जाणवताच ०.३ सेकंदात वर उसळणारी संरक्षक कमान आली. त्यासोबत बटण दाबताच आपोआप मिटणारा कापडी टपही आला. २००१ मध्ये टपाची जागा घडी होणाऱ्या धातूच्या छताने घेतली. कमानीचे वजन आणि छताचे वजन किलोत सारखे भरले, तरी अर्थाने सारखे नाही. एक जिवासाठी आहे, दुसरे मिजाशीसाठी. २०१२ मध्ये ॲल्युमिनियमची काया देऊन वजन १४० किलोंपर्यंत घटवले गेले. आपले नाव काय सांगते याची कंपनीला मधूनच आठवण झाली, असे याविषयी म्हणता येईल.

याच काळात नावातील अंकांचाही अर्थ सुटत गेला. ‘३०० एसएल’मधील ३०० म्हणजे तीन लिटर, हे शब्द आणि अर्थ यांचे सरळ नाते होते. १९९३ मध्ये अक्षरे पुढे आणि अंक मागे गेले. २०२१ मध्ये आलेल्या पिढीत ‘एसएल ६३’चे इंजिन चार लिटरचे आहे, तर ‘एसएल ४३’चे दोन लिटरचे. अंक आता मोजमाप सांगत नाही, उतरंडीतील पायरी तेवढी सांगतो. मागे दोन छोटी आसने आल्यामुळे ‘दोन आसनी’ हे वर्णनही गळाले, आणि विजेची जोड असलेली ‘६३’ दोन टनांच्याही पुढे गेली. म्हणून या गाड्या वाईट ठरत नाहीत. फक्त ‘अतिहलकी’ हा शब्द आता वर्णन उरलेला नाही, तो कुलनाम झाला आहे.

आपल्याकडे या कंपनीचे नाव आधी पोचले ते वेगळ्याच वाहनामुळे. न्यूयॉर्कमध्ये गलविंग मांडली गेली त्याच १९५४ साली जमशेदपूरला टाटांच्या सहकार्याने तिचे ट्रक सुरू झाले. १९६९ पर्यंत ते सहकार्य टिकले. ‘टाटा मर्सिडीज’ हा शब्द भारतातल्या हमरस्त्यांवर भाराशी जोडला गेला, हलकेपणाशी नव्हे. ट्रकच्या बाबतीत भार कशासाठी वाहायचा हा प्रश्न कोणाला पडत नाही. एसएलच्या प्रत्येक पिढीला मात्र तो विचारावा लागतो, आणि आमच्या मते तिच्या मूल्यमापनाचा निकष तोच आहे. १९५४ च्या गलविंगपासून ती किती दूर गेली हे मोजून काही हाती लागत नाही. तिने अंगावर घेतलेल्या वजनापैकी किती माणसांसाठी आणि किती मिरवण्यासाठी, हे पाहावे. त्या कसोटीवर पॅगोडा पहिली येते, १९८९ ची दुसरी, आणि भिंतीवरच्या छायाचित्रातली गलविंग, तिच्याविषयीचा सारा लोभ मान्य करूनही, त्यांच्या मागे राहते.