सराईची नोंदवही आणि संगणक

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्यानजीकच्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहावयास येणारा प्रवासी आज निवासाची खोली घरबसल्या राखून ठेवू शकतो. या नोंदीस मोठा पूर्वेतिहास आहे. १८६७ च्या सराई कायद्याने उतारूंची माहिती मागविण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास दिला. तेथे नोंदीचा हेतू बंदोबस्ताचा होता. संगणकाने तिला व्यापारी मोल आणले. परंतु ग्राहकाविषयीचे हे ज्ञान मालकापेक्षा मध्यस्थाकडेच साचू लागले. अन्यत्र स्वस्त दर देऊ नये, अशी अट हॉटेलांवर लादणे इत्यादी कारणांवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोस सुमारे २२३ कोटी रुपयांचा दंड केला. तात्पर्य, नोंदवही स्वतःच्या हाती राखणे, हेच लहान निवासगृहाच्या दृष्टीने या तंत्राचे खरे धोरण होय.