दिल्ली वर्गाच्या विनाशिकांचे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘आयएनएस दिल्ली’ (१९९७), ‘म्हैसूर’ (१९९९) आणि ‘मुंबई’ (२००१) या विनाशिकांवरील रडार, सोनार, क्षेपणास्त्र-नियंत्रण व संदेशवहन यंत्रणांसाठी लागणारे बदली घटक. त्यांत मुद्रित परिपथ फलक (पीसीबी), वीजपुरवठा संच, मायक्रोवेव्ह नलिका, रिले व जोडण्या (कनेक्टर) यांचा समावेश होतो.

या जहाजांवर रशियन आणि भारतीय बनावटीची उपकरणे एकत्र आहेत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर कारखाने वेगवेगळ्या देशांत विभागले गेले व सुट्या भागांचा पुरवठा विस्कळीत झाला. त्यामुळे पर्यायी भाग देशातच घडवण्यावर नौदलाने भर दिला.

वारंवार लागणारे भाग जहाजावरच ठेवतात. उर्वरित साठा किनाऱ्यावरील भांडारांत असतो. खारट, दमट हवेने फलकांवरील तांब्याच्या रेषा गंजतात. म्हणून फलकांना संरक्षक लेप देतात आणि ते स्थिरविद्युतरोधी पिशवीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह बंद करतात.

जहाजाचे आयुष्य काही दशकांचे, तर इलेक्ट्रॉनिक घटकांचे उत्पादन त्याआधीच बंद पडते. अशा वेळी जुन्या भागाचा अभ्यास करून समकक्ष भाग तयार करतात किंवा संपूर्ण यंत्रणाच बदलतात.