पिशवीच्या आधीचे रोप

१/ #थ्रेड
वनविभागाची रोपवाटिका दुरूनही ओळखू येते ती काळ्या पिशव्यांच्या ओळींमुळे. धारणी तालुक्यातही मृगाच्या तोंडावर हेच दृश्य दिसते. ही पिशवी इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे वय जेमतेम एका माणसाच्या आयुष्याएवढे आहे, हे ध्यानात येत नाही. तिच्याआधी रोपे कशी हलवीत असत? मेळघाट मध्यभागी ठेवून हा इतिहास पाहू.

२/ आरंभ मात्र दूरचा. इ.स.पू. पंधराव्या शतकात इजिप्तची राणी हत्शेप्सूत हिने पुंत देशाकडे जहाजे धाडली. देर अल-बहरी येथील तिच्या मंदिराच्या भिंतींवर या सफरीची शिल्पे आहेत. सुगंधी डिंकाची झाडे मातीसकट टोपल्यांत बसवली आहेत, टोपल्या काठ्यांना टांगल्या आहेत आणि काठ्या माणसांच्या खांद्यांवर आहेत. मातीत गेल्यावर कुजून माती होणारे भांडे ही नवी कल्पना नव्हे, याला एवढा पुरावा पुरे.

३/ आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाला एक अध्याय दिला. झाड उपटून दुसरीकडे लावायचे असेल तर तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप मुळापासून खोडापर्यंत द्यावा, असे तो सांगतो. भांड्याचा उल्लेख नाही. उघडी पडलेली मुळे सुकू नयेत, ही चिंता मात्र तीच.

४/ वऱ्हाडातील बागाइतदाराने या चिंतेवर साधा तोडगा काढला : हुंडी. मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता रोप काढायचे आणि गवतात वा गोणपाटात बांधायचे. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या काळी औरंगाबादकडून आलेला संत्रा पुढे वरूड-शेंदुरजनाघाटच्या काळ्या मातीत रुजला. तेथील कलमांच्या व्यवहारात हुंडीला मोल होते. वाटेत हुंडी फुटली तर लागवड फसलीच म्हणून समजावे.

५/ मेळघाटाची वाट निराळी. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि त्यांची नजर येथील सागावर गेली. साग लावून वाढवता येतो का, याचा धडा मलबारात आधीच गिरवला गेला होता. १८४० च्या दशकात निलंबूर येथे कलेक्टर कॉनोली यांच्या कारकिर्दीत सागाचे बी रुजेना. चातू मेनन या देशी अधिकाऱ्याने ते रुजवून दाखवले. त्या लागवडीला नाव मात्र कॉनोलीचे मिळाले. असे होतेच.

६/ विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सागाची जी पद्धत रूढ झाली तिला भांडेच लागत नाही. तिचे नाव जडी. गादीवाफ्यावर वर्षभर वाढलेले रोप उपटायचे, वीतभर सोटमूळ आणि बोटभर खोड ठेवून बाकी सारे छाटायचे. पान नाही, माती नाही. गाजरासारखा एक तुकडा. ओल्या गोणपाटात जुडी बांधली की ती कित्येक दिवस टिकते, आणि शेकडो जड्या एक माणूस डोक्यावरून नेऊ शकतो. पहारीने भोक पाडायचे, जडी घालायची, माती दाबायची. घाटवाटांच्या मुलखासाठी याहून सोयीचे काही सुचणे कठीण. पण हे सागाला मानवते. सर्वच झाडांना नाही.

७/ १९३३ साली इंग्लंडातील नॉर्थविचजवळ आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट व गिब्सन यांना एका फसलेल्या प्रयोगाच्या तळाशी पांढरा मेणचट पदार्थ सापडला. तेच पॉलिथिन. युद्धकाळात त्याने रडारच्या तारांना वेष्टन पुरवले. युद्धानंतर ते स्वस्त झाले आणि हळूहळू रोपवाटिकांत शिरले.

८/ महाराष्ट्रात पिशवीला बळ मिळाले ते सरकारी योजनांमुळे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली, १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण विभाग आला. आता केवळ साग नको होता. आवळा, बांबू, चिंच, करंज, सारेच हवे होते, तेही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या संख्येने. पिशवीतले रोप मोजता येते, ट्रकवर रचता येते. माझ्या मते पिशवीचा विजय वनशास्त्राचा कमी आणि हिशेबाच्या वहीचा अधिक आहे.
एक गोष्ट मात्र विसरू नये : माती चाळणे, पिशव्या भरणे, पाणी देणे ही उन्हाळ्यातली मजुरी. पिशवी काढून टाका म्हणणाऱ्याने आधी या मजुरीचे काय, ते सांगावे.

९/ तोटे दोन. पिशवीच्या भिंतीशी मुळे गोल वळतात आणि जमिनीत गेल्यावरही कित्येकदा वळलेलीच राहतात. दुसरा उघड आहे : पाऊस डोक्यावर असताना घाईने फाडलेली पिशवी खड्ड्याशेजारीच पडून राहते. राज्याचे वृक्षलागवडीचे उद्दिष्ट २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी होते. यांतील बहुसंख्य रोपे पिशवीतली धरली, तर प्लॅस्टिकचा अंदाज वाचकांनीच करावा.

१०/ योगायोग असा की याच काळात, २३ मार्च २०१८ रोजी, राज्याने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. रोपवाटिका व शेतीसाठीच्या कुजणाऱ्या पिशव्यांना तिने मुभा दिली. कागदावर वाट मोकळी झाली. किंमत मात्र काळ्या पिशवीच्या बाजूने राहिली.

११/ मग पानांचा द्रोण का नको? मेळघाटात पळस आणि माहूल दोन्ही आहेत. अडचण काळाची आहे. जंगली रोप वाटिकेत वर्ष-दीड वर्ष राहते; रोज पाणी घातलेला द्रोण काही आठवड्यांत विरतो. शेणाची कुंडी त्याहून बरी, पण भिजली की उचलताना तुटते. काथ्याची कुंडी टिकते, पण काथ्या कोकणातून किंवा केरळातून आणावा लागणार. युरोपात पीट नावाच्या दलदलीतल्या मातीच्या कुंड्या चालतात. त्यांसाठी हजारो वर्षांत साठलेली दलदल खणली जाते, म्हणजे तेही निर्मळ नाहीच.

१२/ भोपळा, दोडका, कारले यांचे गणित मात्र द्रोणाशी नेमके जुळते. वैशाखाच्या अखेरीस द्रोणात बी टाकले की तीन-चार आठवड्यांनी पाऊस येतो, तोवर द्रोण मऊ पडलेला असतो. वेलभाज्यांची मुळे दुखावली की वेल रुसतो, म्हणून द्रोणासकटच लावायचे. लांब मुदतीच्या रोपांसाठी धारणीजवळ शोधायचे तर बांबू आहे. लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी १९९० च्या दशकात बांबूकामाचे केंद्र उभारले. बांबूची पोकळ कांडी उभी चिरून पुन्हा सुतळीने बांधली की तिच्यात रोप वाढते, आणि लावताना सुतळी सोडली की दोन फाकी अलग होतात. त्या पुढच्या वर्षीही चालतात.